भिंतीवरचा बार चार्ट आणि सोमवारची मीटिंग

कुठल्याही साइट ऑफिसात शिरा. पत्र्याची किंवा कंटेनरची खोली, दाराशी चिखलाचे बूट, भिंतीवर गणपतीचा फोटो, शेजारी सेफ्टीचं पोस्टर आणि त्याच्या बाजूला चार फूट लांबीचा रंगीत बार चार्ट, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारं वेळापत्रक. गणपतीला रोज फूल मिळतं. बार चार्टकडे मात्र तो लावल्याच्या दिवसानंतर कुणी फारसं बघत नाही. उन्हाने त्याचा लाल रंग गुलाबी झालेला असतो. त्यावर ‘चौदावा स्लॅब, १२ जून’ असं लिहिलेलं असतं आणि जुलै उजाडला तरी इमारत नवव्या मजल्यावर असते.

हा चार्ट बहुधा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने केलेला असतो. दोन वर्षं आणि बरीचशी फी घालून साइटवर आल्यावर पहिल्या पावसाळ्यातच कळतं, की शिकलेलं आणि समोरचं यांचा सांधा जुळत नाही. यात दोष त्या मुलाचा नाही, सॉफ्टवेअरचा तर नाहीच. बांधकाम ‘मॅनेज’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याची जी समजूत आपल्या वर्गांत शिकवली जाते तीच अपुरी आहे. गेली तीसेक वर्षं जगात काही लोक हे आकड्यांनिशी सांगताहेत. त्यांचं म्हणणं काय आहे, आणि ते मानलं तर वर्गात काय बदलावं लागेल, ते इथे सांगतो.

तुम्ही इंजिनिअर नसाल, तरी फ्लॅट बुक केला असेलच किंवा कधीतरी कराल. २०१६च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. काम जितकं पुढे सरकेल तितकीच ती काढता येते, आणि त्यासाठी इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांची प्रमाणपत्रं लागतात. ताब्याची तारीख आधी जाहीर करावी लागते, ती चुकली तर व्याजाचा प्रश्न येतो. म्हणजे त्या गुलाबी पडलेल्या चार्टवरची तारीख तुमच्या भाड्याशी आणि हप्त्याशी बांधलेली आहे.

कारखान्यातून आलेलं शास्त्र

आपण जे शिकवतो त्याचा गाभा आहे क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे सीपीएम. १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतले जेम्स केली यांनी ती बसवली. कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा तर कमीत कमी दिवस कसा बंद राहील, अशा प्रश्नांसाठी ती कामाला आली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची तिची चुलतबहीण काढली.

कल्पना सुंदर आहे, आणि घरच्या उदाहरणाने लगेच कळते. समजा बाथरूम नवं करायचंय. तोडफोड २ दिवस, प्लंबिंग ३, वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून ठेवायला ४, टाइल्सला ४. ही कामं एकामागून एकच होणार, म्हणजे १३ दिवस. दरवाजा बनून यायला ८ दिवस लागतात, पण तो शेवटीच बसवायचा आहे. त्यामुळे त्याची ऑर्डर पाच दिवस उशिरा दिली तरी काही बिघडत नाही. प्लंबर एक दिवस चुकला तर मात्र सगळंच एक दिवस पुढे जातं. तो तेरा दिवसांचा सलग रस्ता म्हणजे क्रिटिकल पाथ, आणि दरवाज्याचे पाच दिवस म्हणजे फ्लोट.

हे शिकायलाच हवं, यात वाद नाही. पुण्याची निकमार ही खास बांधकाम व्यवस्थापनासाठीची संस्था १९८३ साली उद्योगातल्या मंडळींच्या पुढाकाराने सुरू झाली. गंमत म्हणजे प्रिमाव्हेरा हे आज सगळीकडे वापरलं जाणारं शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीही त्याच वर्षी अमेरिकेत निघाली. त्या काळात भारतात ‘बांधकामाचंही व्यवस्थापन शिकता येतं’ हे पटवणंच मोठं काम होतं. तेव्हाच्या शिक्षकांनी ते केलं. त्यानंतर आयआयटीपासून तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत अभ्यासक्रम निघाले आणि साधारण एकाच साच्यातून निघाले: शेड्युलिंग, एस्टिमेटिंग, काँट्रॅक्ट, क्वालिटी, सेफ्टी, फायनान्स, एक सॉफ्टवेअर, दोन महिने इंटर्नशिप, शेवटी एक प्रबंध.

मग अडतं कुठे? बाथरूमच्या हिशोबात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली होती. प्लंबरला तीन दिवस लागतात हे आपण धरलं. पण प्लंबर येईल का, आला तर माल असेल का, आणि तोडफोडीचा राडा उचलला गेला असेल का, हे धरलंच नाही.

थर्मोस्टॅटची गोष्ट

लाउरी कोस्केला हे फिनलंडचे संशोधक. १९९२ साली स्टॅनफर्डला असताना त्यांनी एक अहवाल लिहिला. त्याचा आशय असा: बांधकामाकडे आपण ‘कच्चा माल आत, पक्का माल बाहेर’ एवढंच बघतो. सगळं काम तुकड्यांत फोडलं, प्रत्येक तुकडा स्वस्तात आणि वेळेत केला, की बेरीज आपोआप बरी येईल असं धरतो. पण दोन तुकड्यांच्या मधे जे घडतं ते या बेरजेत कुठेच दिसत नाही. थांबणं, शोधणं, हलवणं, तोडून पुन्हा करणं. विटा तिसऱ्या मजल्यावर चढवल्या, मग कळलं की आधी दुसरा करायचाय, पुन्हा उतरवल्या. बार चार्टमध्ये याला पट्टी नसते.

पुढे २००२ साली कोस्केला आणि अमेरिकी अभ्यासक ग्रेग हॉवेल यांनी आणखी स्पष्ट सांगितलं, की प्रचलित प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या मुळाशी असलेला सिद्धांतच जुना झालाय. त्यात तीन गृहीतकं दडलेली असतात. पहिलं, प्लॅन बनवणं हेच मॅनेजमेंट. दुसरं, वरून ‘हे करा’ असा आदेश गेला की खाली ते होतं. तिसरं, नियंत्रण म्हणजे थर्मोस्टॅट. खोलीचं तापमान ठरलेल्या आकड्याहून वाढलं की एसी चालू, खाली गेलं की बंद. साइटवर याचंच रूप असं: शुक्रवारी प्रगती मोजा, कमी भरली की सोमवारी ओरडा. कमी का भरली हे शोधायचं खातंच नाही. एसीला खिडकी उघडी आहे का हे कळत नसतं.

माझ्या पहिल्या साइटवरची आठवण आहे. काम सहा आठवडे मागे होतं. वरून सांगणं आलं, ‘क्लायंटची मीटिंग आहे, प्रोग्रॅम (म्हणजे तो बार चार्ट) अपडेट कर, पण शेवटची तारीख हलता कामा नये.’ मी रात्री बसून पुढच्या कामांच्या पट्ट्या आखूड केल्या, दोन ठिकाणी ‘हे झाल्यावरच ते’ अशा जोडण्याच काढून टाकल्या. तारीख जुळली. मीटिंगमध्ये सगळे खूश. हे करायची हातोटी मला कॉलेजमध्ये मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणातूनच आली होती, आणि हे करू नये असं मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

पंच्याण्णव टक्के सात वेळा

कोस्केलांनी एक साधा हिशोब मांडला. मला वाटतं, बांधकामाच्या प्रत्येक वर्गात तो पहिल्याच दिवशी फळ्यावर यावा.

साइटवरचं कुठलंही एक काम सुरू व्हायला सात गोष्टी जागेवर लागतात: ड्रॉइंग, माल, माणसं, यंत्रं, मोकळी जागा, आधीचं काम पूर्ण झालेलं, आणि बाहेरची परिस्थिती म्हणजे पाऊस, परवानगी वगैरे. समजा तुमची साइट फार चांगली चालते आणि यातली प्रत्येक गोष्ट वेळेवर असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. मग सातही एकदम असण्याची शक्यता किती? ०.९५ सात वेळा गुणा. उत्तर येतं ०.७०. म्हणजे सगळीकडे पंच्याण्णव मार्क मिळवणाऱ्या साइटवर दहातली तीन कामं ठरल्या दिवशी सुरूच होऊ शकत नाहीत. ९० टक्के धरा, उत्तर ०.४८. अर्ध्याहून जास्त कामं अडली. इथे एकानेही कामचुकारपणा केलेला नाही.

हा गुणाकार डोक्यात बसला की ‘लेबर कामच करत नाही’ हे वाक्य तोंडातून निघताना जरा अडखळतं.

मुंबई-गोवा महामार्गाचं उदाहरण घ्या. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली हाती घेतला आणि दहा वर्षं उलटली तरी तो पुरा झाला नव्हता. दर गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना त्यातला खड्डान् खड्डा पाठ आहे. अडलं कशात? जमिनीचं संपादन, कर्नाळा अभयारण्याजवळच्या परवानग्या, कंत्राटदाराची आर्थिक ओढाताण. सातांच्या यादीतली ‘मोकळी जागा’ आणि ‘बाहेरची परिस्थिती’ या दोन ओळी तिथे रिकाम्या होत्या. डांबर टाकायला किती दिवस लागतात हे सगळ्यांना माहीत होतं. क्रिटिकल पाथ त्या डांबराचाच काढला जातो.

फाशांचा खेळ

आता दुसरी गोष्ट, जी व्याख्यानाने पटत नाही, खेळून पटते. आयरिस टॉमेलाइन, डेव्हिड रायली आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९९च्या सुमारास बांधकामासाठी एक फाशांचा खेळ बसवला. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत तो आता वर्गात खेळतात. त्याचंच घरगुती रूप सांगतो.

तीन भिडू घ्या: गवंडी, भिंतीत खाच पाडून पाइप टाकणारा प्लंबर, आणि प्लास्टरवाला. प्रत्येकाला एक फासा. गवंड्याला जितके पडतील तितक्या खोल्या त्याने प्लंबरला द्यायच्या. प्लंबरला जितके पडतील तितक्या खोल्या तो करू शकतो, पण त्याच्याकडे आल्या असतील तेवढ्याच. प्लास्टरवाल्याचं तसंच. फाशाची सरासरी साडेतीन. त्यामुळे वर्गातली मुलं हमखास म्हणतात, दिवसाला सरासरी साडेतीन खोल्या निघतील.

निघत नाहीत. मधे साठा काहीच नसेल तर शेवटी हाती येणारा आकडा तिघांपैकी सगळ्यात लहान फाशाचा असतो. दोन फाशांतला लहान आकडा सरासरी २.५३ येतो, तिघांतला २.०४. प्रत्येक जण साडेतीनच्या ताकदीचा, आणि साखळी दोनाची! आता फासे बदला. असे फासे घ्या ज्यांच्या तीन बाजूंवर ३ आणि तीन बाजूंवर ४ आहे. सरासरी तीच, साडेतीन. पण शेवटी हाती येतात ३.१२ खोल्या. कुणी जास्त मेहनत केली नाही, कुणाचा पगार वाढला नाही. फक्त चढउतार कमी झाला.

खरा खेळ बरेच दिवस चालतो आणि मधे खोल्या साठतात, त्यामुळे नुकसान थोडं भरून निघतं. पण तो साठा म्हणजे अर्धवट खोल्या, म्हणजे अडकलेला पैसा. आणि प्लास्टरवाला एखादा दिवस रिकामा बसला तर तो दिवस परत येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सहा पडले तरी समोर दोनच खोल्या असतात. मग त्याचा ठेकेदार काय करतो? चार माणसं दुसऱ्या साइटवर पाठवतो. तुम्हाला पाहिजे त्या दिवशी ती माणसं नसतात. साइटवर याला आपण ‘ठेकेदार फसवतो’ म्हणतो.

या खेळाला चाळीस मिनिटं, लुडोचे फासे आणि काडेपेटीच्या काड्या लागतात. प्रयोगशाळेचा खर्च म्हणाल तर शंभराच्या आत.

शब्द दिला, पाळला का?

हॉवेल आणि त्यांचे सहकारी ग्लेन बॅलार्ड यांनी याच विचारातून एक कामाची पद्धत उभी केली, लास्ट प्लॅनर. ‘शेवटचा प्लॅनर’ म्हणजे ज्याच्या हाताखाली काम खरोखर होतं तो: आपल्याकडचा फोरमन, मुकादम, सेंट्रिंगचा ठेकेदार. पद्धत अशी, की येत्या सहा आठवड्यांच्या कामांकडे बघायचं आणि प्रत्येक कामाच्या त्या सात अटींपैकी काय अडलंय ते आधीच मोकळं करायचं. मग दर आठवड्याला त्या शेवटच्या माणसाला विचारायचं, ‘यातलं काय नक्की करशील?’ अडलेल्या कामाला ‘नाही’ म्हणायचा त्याला पूर्ण हक्क.

आठवड्याच्या शेवटी मोजायचं. वीस कामांचा शब्द दिला होता, अकरा झाली, तर ५५ टक्के. इथे एक कडक नियम आहे: ‘नव्वद टक्के झालंय’ याला शून्य. काम झालं तर एक, नाहीतर शून्य. आणि प्रत्येक शून्यापुढे कारण. बॅलार्ड यांनी ही मोजणी सुरू केली तेव्हा बऱ्यापैकी चालणाऱ्या प्रकल्पांतही आकडा सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास आला. शंभर आश्वासनांतली शेहेचाळीस त्या आठवड्यात पाळली जात नव्हती, आणि तोवर कुणी हे मोजलंच नव्हतं.

‘लेबर पुरवणं’ हाही विषय इथे वेगळा दिसू लागतो. वर्गात मजूर म्हणजे आलेखातला एक खांब असतो: मार्चमध्ये १२०, एप्रिलमध्ये १४०. साइटवर मार्चमध्ये होळी असते आणि बिहार-झारखंडचे कारागीर घरी जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला दिवाळी आणि लगोलग छठ. ते परत येणार की नाहीत हे मुकादमाने किती उचल दिली आहे आणि मागचं देणं चुकतं झालंय का, यावर ठरतं. यातलं एक अक्षर अभ्यासक्रमात नाही. एम.टेक. झालेल्या मुलाला मुकादमाशी बोलताच येत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. दोघं एकमेकांना ‘हो’ म्हणतात आणि पांगतात.

मग वर्गात काय बदलायचं?

साधारणपणे दोन उत्तरं ऐकू येतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक, नवीन तंत्रज्ञान घाला: बिम (म्हणजे इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल), ड्रोन, एआय. घाला जरूर. नागपूर मेट्रोने बिम मोठ्या प्रमाणावर वापरलंच आहे. पण पट्ट्या आखूड करणाऱ्या मुलाच्या हाती त्रिमितीय मॉडेल दिलं तर तो त्रिमितीय पट्ट्या आखूड करेल. दुसरं उत्तर उद्योगातल्या जुन्या मंडळींचं: ‘पुस्तकात काय ठेवलंय, साइटवर पाठवा, आपोआप शिकेल.’ साइट शिकवते हे खरं. पण साइट सवयी शिकवते, आणि वाईट सवयी आधी. ‘नव्वद टक्के झालंय’ हे मी साइटवरच शिकलो.

डॉक्टरांच्या शिक्षणाकडे बघा. विद्यार्थी वॉर्डात जातो, पण तिथे नुसता उभा राहत नाही. तो पेशंटची केस घेतो, मांडतो, आणि वरिष्ठ विचारतात, ‘हे निदान का?’ वॉर्ड आणि तो प्रश्न, दोन्ही मिळून शिक्षण होतं. आपल्या इंटर्नशिपमध्ये फक्त वॉर्ड आहे.

माझ्या मनातला बदल असा. प्रवेश घेतल्याच्या पहिल्या महिन्यात कॉलेजने जवळच्या एका साइटशी करार करावा आणि चार-पाच मुलांचा गट दोन्ही वर्षं त्या एकाच साइटला बांधून टाकावा. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये मुलाला तीन स्लॅब दिसतात. पायाचं पाणी उपसताना झालेली धावपळ आणि ताबा देतानाची गळती, दोन्ही त्याच्या नजरेआड. दर सोमवारी या गटाने साइटच्या मीटिंगला बसायचं, बोलायचं नाही. कुणी कशाचा शब्द दिला ते लिहायचं. शनिवारी पाहायचं, झालं का. नसेल तर कारण, आणि कारणामागचं कारण. ही वही पुढच्या बॅचने पुढे चालवायची. चार वर्षांत एका इमारतीचा पायापासून ताब्यापर्यंतचा खरा इतिहास कॉलेजकडे जमा होईल. कुठल्याही परदेशी केस स्टडीपेक्षा तो मोलाचा असेल, कारण त्यात पुण्याचा पाऊस आणि आपल्या महापालिकेच्या परवानग्या असतील.

पहिल्या सत्रात सॉफ्टवेअर नको. भिंतीला कागद, हातात रंगीत चिठ्ठ्या, आणि शेवटच्या तारखेपासून उलटं मागे येत विचारायचं, ‘हे सुरू व्हायला मला कुणाकडून काय हवं?’ प्रिमाव्हेरा दुसऱ्या सत्रात आलं तर ते महिनाभरात येतं, आणि कशासाठी शिकतोय हेही कळलेलं असतं.

लिहिणं हा आणखी एक राहिलेला विषय. काँट्रॅक्टचा पेपर आपल्याकडे कलमं पाठ करून लिहिला जातो. पण फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्यावर बेतलेल्या करारात अडचण लक्षात आल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही, तर मुदतवाढीचा आणि पैशाचा हक्क हातून जाऊ शकतो. ती नोटीस तिसऱ्या दिवशी चार ओळींत, कुणाला न दुखावता, तारखेसह लिहिणं हे कसब आहे. सरकारी कामांत हिंडरन्स रजिस्टर असतं. काय अडलं, कधीपासून, कधी मोकळं झालं, दोन्ही बाजूंच्या सह्या. त्यातलं गणितही मुलं चुकतात. ड्रॉइंग १ ते १० तारखेपर्यंत नव्हतं, जागा ६ ते २० पर्यंत नव्हती. दहा अधिक पंधरा म्हणजे पंचवीस दिवस वाढवून मागितले जातात. मिळतात वीस, कारण ६ ते १० हे पाच दिवस दोन्हीकडे मोजलेले असतात. खरी रजिस्टरं नावं खोडून वर्गात आणली, तर काँट्रॅक्टचा तास दुपारी दोनलाही जागा राहील.

अंदाज बांधणं हा तर खास धडा. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढ्या मोठ्या फरकाला महागाई, पुनर्वसन, कालवे, गैरव्यवहाराचे आरोप अशी बरीच कारणं सांगितली जातात. पण डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी जगभरचे मोठे प्रकल्प तपासून दाखवलं, की अंदाज चुकतात ते बहुतेक एकाच दिशेला, कमी बाजूला. त्यावर त्यांचा उपाय साधा आहे: तुमच्या प्रकल्पाचे आतले तपशील जरा बाजूला ठेवा आणि त्या जातीचे आधीचे प्रकल्प किती चुकले ते बघा. ब्रिटनच्या परिवहन खात्याने २००४ साली हे मार्गदर्शक तत्त्वांत घातलं. खर्च अंदाजाच्या आत राहण्याची ८० टक्के खात्री हवी असेल, तर रस्त्यांच्या अंदाजात ३२ टक्के आणि रेल्वेच्या अंदाजात ५७ टक्के वाढ धरा, असं त्यात आहे. २०१२ पासून तिथल्या सरकारने मोठे प्रकल्प सांभाळणाऱ्या स्वतःच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ऑक्सफर्डला शिकायला पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींच्या वरच्या प्रकल्पांच्या विलंबाचे आणि वाढीव खर्चाचे अहवाल वर्षानुवर्षं काढत आलंय. प्रबंधाला विषय सापडत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ते अहवाल ठेवावेत. ‘विलंबाच्या कारणांचा प्रश्नावलीद्वारे अभ्यास’ हा प्रबंध आता हजाराव्यांदा व्हायची गरज नाही.

शिकवणार कोण

इथे गाडी खरी अडते. प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागते, आणि ज्याने तीन वेळा हिंडरन्स रजिस्टर लढवलंय त्याच्याकडे ती नसते. यूजीसीने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली: किमान १५ वर्षांचा अनुभव, पदवीची अट नाही, मात्र अशी पदं मंजूर जागांच्या १० टक्क्यांहून जास्त नाहीत. चांगली तरतूद आहे. पण अनुभवी माणूस वर्गात आला की तो बहुधा किस्से सांगतो. किस्से रंगतात, आणि तास संपल्यावर मुलांच्या हातात काही उरत नाही. (हा आरोप मी स्वतःवर करतोय, माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली.) म्हणून जोडी हवी. साइटवाला प्रसंग मांडेल आणि सिद्धांत शिकलेला प्राध्यापक विचारेल, ‘थांबा, हे का झालं?’

या विषयात भारतात काम नाही असंही नाही. आयआयटी मद्रासमध्ये यावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे, आणि लीन कन्स्ट्रक्शनच्या (कोस्केला, बॅलार्ड, हॉवेल यांच्या विचारधारेचं हे नाव) अभ्यासकांची वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ साली चेन्नईत भरली होती. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत २०१७ साली ४९ प्रक्रिया होत्या; २०२१च्या आवृत्तीत त्यांच्या जागी १२ तत्त्वं आली. आपल्या बऱ्याच विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत मात्र त्या जुन्या प्रक्रिया अजून ‘टीपा लिहा’मध्ये येतात.

आणि परीक्षा बदलली नाही तर बाकी काहीच बदलणार नाही, कारण मुलं परीक्षेसाठी शिकतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आजचा प्रश्न असा असतो: ‘खालील नेटवर्कचा क्रिटिकल पाथ काढा.’ दहा मार्क, एकच उत्तर. त्याऐवजी एका खऱ्या साइटच्या आठवड्याचं पान द्या. वीस कामं, अकरा झालेली, नऊ शून्यं, प्रत्येक शून्यापुढे मुकादमाने सांगितलेलं कारण: ‘माल नाही’, ‘पाऊस’, ‘ड्रॉइंग बदललं’, ‘माणसं गावी’, ‘खालच्या मजल्याची सेंट्रिंग सुटली नाही’. आणि विचारा: यातली कोणती अडचण सहा आठवड्यांपूर्वी दिसू शकली असती? ती दूर करणं कुणाच्या हातात होतं? येत्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही पहिला प्रश्न कुणाला विचाराल आणि कोणत्या शब्दांत?

मी हा प्रश्न एकदा वर्गात टाकून पाहिला. वेळ अर्धा तास. पाऊण वर्गाने उत्तराची सुरुवात ठेकेदाराला दंड लावण्यापासून केली. एका मुलीने लिहिलं, ‘मी पहिला प्रश्न स्टोअरकीपरला विचारेन, कारण नऊपैकी तीन कारणं त्याच्या खोलीतून निघतात आणि तो या मीटिंगला नसतो.’